काकूची अंगणातली मांजरं सांभाळायला घेतली की घरचा बोका दारावर मुततो: कारण आणि उपाय

काकू गावाला गेली की चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्या घरात ठरलेला प्रकार सुरू व्हायचा. टिल्लू हा आमचा 6 वर्षांचा, नसबंदीचं ऑपरेशन झालेला बोका. एरवी लिटर बॉक्सबाहेर थेंबही न सांडणारा. पण त्या दिवसांत तो दाराच्या चौकटीकडे पाठ करून उभा राहायचा, शेपूट ताठ करून तिचं टोक थरथरवायचा आणि सरळ पिचकारी मारायचा. एकदोन दिवसांत सोनीवर तुटून पडायचा. ही सोनी म्हणजे जिच्या पोटाला डोकं लावून तो झोपतो ती. काकू परत आली की हळूहळू सगळं निवळायचं, आणि तिच्या पुढच्या फेरीला पुन्हा तेच. तीन वेळा हे झालं. तिसऱ्या वेळी खरं कारण सापडलं. नातेवाइकांची बाहेरची मांजरं आणि घरची मांजरं एकाच वेळी सांभाळण्याची वेळ बऱ्याच जणांवर येते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी घरांची मांडणी सांगते. आम्ही चिपळूणला राहतो. काकूचं घर जुनं, कौलारू, पुढे पडवी आणि अंगण. तिच्याकडे 3 मांजरं आहेत: बाळ्या नावाचा थोराड बोका, काळी आणि ढवळी. तिघंही बाहेरची. जेवायला पडवीत येतात, पावसात माळ्यावर चढून बसतात, पण दार लावून घरात कोंडलेलं त्यांना खपत नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा ती त्याच माळ्यावर होती म्हणून वाचली. तेव्हापासून त्यांना कोंडायचा विषय काकूपाशी काढायचा नाही. माझा फ्लॅट तिथून दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर. घरात टिल्लू आणि सोनी, दोघंही घरातच राहणारी.

सगळ्यात आधी: हा राग आहे की आजार?

बोका भलत्या जागी मुतायला लागला की "रागावलाय" म्हणून सोडून देऊ नका. मी पहिल्या वेळी दोन दिवस असेच घालवले. सुदैवाने निभावलं, पण ती चूकच होती. बघायचं ते असं. उभ्या पृष्ठभागावर, उभं राहून, शेपूट थरथरवत थोडंसंच उडवलं असेल तर ती हद्दीची खूण. खाली बसून जमिनीवर, चादरीवर, मोरीत केलं असेल तर ती लघवी, आणि मग मूत्राशयाची जळजळ, खडे किंवा संसर्ग असू शकतो. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. बोका लिटर बॉक्समध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो, मागची बाजू चाटत राहतो आणि बाहेर काहीच पडत नाही किंवा एखादाच थेंब पडतो. त्याचा मूत्रमार्ग अडलेला असतो. बोक्याची नळी मुळात अरुंद असते, त्यामुळे हा त्रास मांजरीपेक्षा बोक्यांना फार जास्त होतो, आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. "उद्या बघू" असं म्हणायचं नाही, रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करायचा. ताणामुळेही मूत्राशयाला सूज येते. म्हणजे घराभोवती परकी मांजरं आल्याचा ताण आणि हा आजार दोन्ही एकाच वेळी असू शकतात. दुसऱ्या फेरीपासून मी पिचकारी दिसली की आधी टिल्लूची लघवी तपासून घेते.

ऑपरेशन झालेला बोका पिचकारी मारत नाही, असं बरेच जण सांगतात. ऑपरेशनने हे प्रमाण खूप कमी होतं हे खरं, पण साधारण 10 पैकी 1 बोका ऑपरेशननंतरही मारतो. मांजरीही मारतात, फक्त त्याहून कमी.

पहिली फेरी: तिघांना घरी आणलं

तेव्हा मला वाटलं, दोन घरी खेपा घालण्यापेक्षा तिघांना आपल्याकडेच आणावं. काकू म्हणाली, "अगं, ती राहायची नाहीत तुझ्याकडे." मी ऐकलं नाही. बाळ्या आणि ढवळी कशीबशी टोपलीत आली, काळीला दुसऱ्या दिवशी आणलं. मागची खोली त्यांना दिली. रात्रभर खोलीतून ओरडणं, दाराच्या या बाजूला टिल्लूचं गुरगुरणं. तिसऱ्या दिवशी सकाळी ताट ठेवायला दार उघडलं तर काळी माझ्या पायांमधून सुटली आणि गॅलरीच्या ग्रिलमधून बाहेर. दिवसभर शोधलं. पार्किंगमधल्या गाड्यांखाली वाकून पाहिलं, गटाराचा कठडा धरून हाका मारल्या. संध्याकाळी दिवेलागणीला ती काकूच्या कौलांवर, मधल्या वळचणीला अंग चोरून बसलेली दिसली. मी कितीही हाका मारल्या तरी खाली उतरली नाही. पडवीतलं काकूचं जर्मनचं भांडं कट्ट्यावर आपटलं तेव्हा कुठे आली, आणि जेवून पुन्हा वर गेली.

अंगणात वाढलेलं मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं. पिल्लं असली की मांजर सात घरं फिरते म्हणतात, पण पिल्लं नसलेलं मोठं मांजर आपली जागा सहसा सोडत नाही. म्हणून माझं मत आता पक्कं आहे: नातेवाइकांचं घर रोज जाऊन येण्याइतकं जवळ असेल तर बाहेरची मांजरं हलवू नका. आपण जायचं.

दुसरी फेरी: तिथेच ठेवली, तरी पिचकारी

पुढच्या वेळी मांजरं तिथेच राहिली. मी ऑफिसहून येताना संध्याकाळी जायची आणि दोन्ही वेळचं एकदमच वाढून यायची. भात, सुकट, वर ड्राय फूडची रास. याचे दोन परिणाम झाले आणि दोन्ही वाईट. रात्री ते अन्न खायला गल्लीतले परके बोके आणि कुत्री येऊ लागली. आणि सकाळी उपाशी राहिलेला बाळ्या, जेवण देणारं माणूस जिथून येतं तिकडे निघाला. म्हणजे माझ्या मागून माझ्या घरी. सकाळी सहा-साडेसहाला तो आमच्या गॅलरीच्या ग्रिलबाहेर बसलेला असायचा. आतून टिल्लू काचेला नाक लावून.

सोनीवरच्या हल्ल्याचं कारण मला तिथेच कळलं. काचेपलीकडचा बोका टिल्लूला दिसतो, त्याचा वास फटीतून आत येतो, अंगात सगळा संताप उसळतो आणि त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. त्या क्षणी शेजारून जी कोणी जाईल तिच्यावर तो निघतो. सोनीचा काहीही दोष नसतो. मांजर मुद्दाम सूड घेत नाही, पण त्या अवस्थेत त्याला समोर कोण आहे ते ओळखू येत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

अशा भांडणात हात घालू नका. मी घातला आणि मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे आले, एका ठिकाणी दात लागला. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुतली आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी सरकारी रुग्णालयात गेले. तिथे ही लस मोफत मिळते. घरचं मांजर असलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय "काही होत नाही" असं आपण ठरवायचं नाही. दोघांना सोडवायला जाड टॉवेल किंवा उशी मध्ये टाकायची, मग वेगवेगळ्या खोल्यांत ठेवून दार लावायचं. अंधार केला, शांतता ठेवली तर लवकर शांत होतात. काही तासांत निवळलं तर उत्तम, कधी दोन-तीन दिवसही लागतात. समजूत घालायला म्हणून त्यांना एकमेकांसमोर उचलून नेऊ नका. टिल्लूच्या डोळ्यांच्या बाहुल्या लहान झाल्या, कान पुढे वळले आणि तो खायला लागला की मगच मी दार फटीएवढं उघडते.

काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला आतून खाकी कागद लावला. दिसणं बंद झालं, सोनीवरचे हल्ले थांबले. पण दारावरची पिचकारी चालूच राहिली. याचं उत्तर मला त्या वेळी सापडलं नाही.

तिसरी फेरी: चप्पल

यंदा श्रावणात काकू नाशिकला लेकीकडे गेली. पाचव्या दिवशी मी तिच्याकडून आले, दारात चप्पल काढली आणि पाणी प्यायला आत गेले. वळून बघते तर टिल्लू चपलेपाशी. डाव्या चपलेच्या टाचेचा वास घेतला, मग तोंड अर्धवट उघडलं, वरचा ओठ वर उचलला आणि तसाच थांबला, नजर कुठेच नाही अशी. चार-पाच सेकंद. पुन्हा हुंगलं, पुन्हा तेच. मग वळला, दाराच्या चौकटीकडे पाठ केली आणि शेपूट थरथरवली.

तोंड उघडून तो जे करतो त्याला कारण आहे. मांजराच्या टाळूत, पुढच्या दातांच्या मागे बारीक छिद्रं असतात आणि ती वासाच्या एका वेगळ्या अवयवाकडे जातात. दुसऱ्या मांजरांच्या खुणा त्याने वाचल्या जातात. काकूच्या पडवीत बाळ्या माझ्या पायांना गाल घासायचा, चपलेवर लोळायचा. बाळ्याचं ऑपरेशन झालेलं नाही. तो पडवीच्या खांबाला पिचकारी मारतो आणि मी त्याच फरशीवर उभी राहून वाढते. म्हणजे रोज संध्याकाळी मी स्वतः परक्या बोक्याची सही टिल्लूच्या उंबऱ्यावर आणून ठेवत होते. खिडकीला कागद लावून याला काय फरक पडणार?

त्या दिवसापासून दोन घरांमधला वास तोडायचा, एवढंच काम केलं. काकूकडे घालायच्या प्लास्टिकच्या चपला वेगळ्या, त्या तिच्याच पडवीत कोनाड्यात राहतात. एक जुना गाऊन तिथेच खुंटीवर. कपड्यांवरून तो चढवायचा आणि निघताना काढून ठेवायचा. हात-पाय विहिरीवर साबणाने धुऊन मगच स्कूटरवर बसायचं. घरी आल्यावर आधी मोरीत, मग मांजरांकडे. आणि सकाळी उलटा क्रम ठेवते: आधी टिल्लू-सोनीला जेवण, त्यांच्याशी थोडा खेळ, मग काकूकडे. हे सुरू केल्यावर चौथ्या दिवसानंतर नवी पिचकारी पडली नाही.

या सगळ्याचा दुसरा फायदा आजारांच्या बाबतीत होतो, आणि तो माझ्या मते जास्त मोलाचा आहे. पॅनल्यूकोपेनिया म्हणजे मांजरांचा जीवघेणा उलट्या-जुलाबांचा आजार; त्याचा विषाणू फार चिवट असतो. घरात, फरशीच्या भेगांत तो वर्षभरही टिकू शकतो आणि चपलेवरून, कपड्यांवरून येतो. म्हणजे घरातून कधीच बाहेर न जाणाऱ्या मांजरालाही होतो. घरच्या मांजरांची तिहेरी लस (तिच्यात पॅनल्यूकोपेनियाचीही येते) आणि रेबीजची लस चालू आहे ना, हे काकूची तिकिटं निघण्याच्या आधीच बघा. पहिल्यांदा लस देत असाल तर दोन डोसांमध्ये 3 ते 4 आठवडे जातात.

पिसवांचंही तसंच. बाळ्याच्या शेपटीच्या मुळाशी बारीक दातांची फणी फिरवायची, जी काळी भुकटी निघेल ती ओल्या पांढऱ्या कापसावर टाकायची. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, कारण तिच्यात पचलेलं रक्त असतं. औषध मात्र मांजराचंच आणा. कुत्र्यांच्या मानेवर घालायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला झटके आणून मारू शकतं. "थोडंसंच घालू" असं म्हणायचं नाही.

डाग धुताना फिनाईल नको

आपल्याकडे वास आला की हात पहिला फिनाईलकडे जातो. मांजराच्या घरात हे दोन कारणांनी चुकीचं आहे. फिनॉलच्या जातीची द्रव्यं शरीराबाहेर टाकायची मांजराच्या यकृताची ताकद फार कमी असते. ते ओल्या फरशीवरून चालतं, पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकंही त्याच रांगेतली. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉल गोळी मांजराला जीवघेणी ठरते, तेही यकृताच्या याच दुबळेपणामुळे. दुसरं कारण असं, की फिनाईलने आपल्या नाकाला वास लपतो, मांजराच्या नाकाला नाही. त्याला खूण तिथेच सापडते आणि तो ती ताजी करतो.

कोकणात तर पावसाळ्यात हे फारच जाणवतं. मुतातलं युरिक आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही, त्याचे स्फटिक लाकडात आणि फरशीच्या सांध्यांत बसून राहतात. हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो. महिन्यापूर्वी पुसलेल्या चौकटीला आषाढात वास का येतो, ते यामुळे. त्यासाठी एन्झाइम असलेला क्लीनर लागतो. नसेल तर एन्झाइमवाल्या कपडे धुण्याच्या पावडरीचं कोमट पाणी करून चौकट भिजवायची, साध्या पाण्याने पुसून पूर्ण वाळवायची, मग स्पिरिटचा हात फिरवायचा. आणि सगळे डाग शोधायचे. रात्री दिवे मालवून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली तेव्हा मला चौकटीवर 2 दिसले, ते माहीत होते. चपलांच्या रॅकमागे भिंतीवर, जमिनीपासून वीतभर वर, आणखी 3 पिवळट-हिरवे ओघळ निघाले. तिथपर्यंत मी कधी पोहोचलेच नव्हते.

मुतावर ब्लीच ओतू नका. त्यातल्या अमोनियाबरोबर विषारी वायू तयार होतो.

पडवीतलं जेवण

दुसऱ्या फेरीचा धडा इथे वापरला. वेळ काकूचीच: सकाळी साडेसहा, संध्याकाळी सात. भांडं काकूचंच, आणि ते कट्ट्यावर तीनदा आपटायचं, ती आपटते तसंच. अर्धा तास थांबायचं, उरलेलं उचलून आणायचं, म्हणजे परकी मांजरं रात्री फिरकत नाहीत आणि बाळ्या तुमच्या मागे निघत नाही. ताटल्या 3, एकमेकींपासून चार-पाच पावलांवर, आणि काळीची उंचावर. पाणी जेवणापासून दूर. पावसाळ्यात मासेमारी बंद असते म्हणून सुकटीवर भर येतो. ती खारट असते, भिजवून पिळून घालावी. कच्चे मासे सतत घालू नयेत, काही माशांमुळे शरीरातलं ब1 जीवनसत्त्व नष्ट होतं. कुत्र्याचं ड्राय फूड मांजराला पुरत नाही, त्यात मांजराला लागणारं टॉरिन पुरेसं नसतं. दूध काकू घालते, मी घालत नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. हे तिला मी समजावून सांगितलं, आता तीही कमी घालते.

रोज मोजदाद करायची आणि फोटो काढायचा. काकूचा रात्री आठला फोन येतो, पहिला प्रश्न एकच, "काळी दिसली का?" फोटो पाठवला की तिला झोप लागते. बाहेरचं मांजर एका वेळेला आलं नाही तर घाबरू नका. लागोपाठ दोन वेळा आलं नाही तर शोधायला निघा. आधी शेजाऱ्यांची बंद गोदामं, बाथरूम, गच्ची. पावसात ती गाडीच्या इंजिनाजवळ ऊब घ्यायला शिरतात, म्हणून गल्लीतल्यांना गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारायला सांगून ठेवलं आहे.

आणावंच लागलं तर

घर लांब असेल, पूर असेल, मांजर आजारी असेल तर आणावं लागतंच. तेव्हा एक खोली, बंद दार, आणि दारात मध्ये दुसरा अडसर, म्हणजे काळीसारखी सुटका होणार नाही. मी लाकडी फळी उभी लावते. लपायला पुठ्ठ्याचा खोका आणि त्यात त्यांच्या माणसाचं न धुतलेलं लुगडं किंवा चादर. बाहेरच्या मांजराला लिटर म्हणजे काय हे माहीत नसतं, त्यामुळे ट्रेमध्ये त्यांच्याच अंगणातली माती भरायची, मग हळूहळू त्यात लिटर मिसळायचं. ट्रे एकूण मांजरांपेक्षा एक जास्त. घरच्यांच्या संपर्कात 2 आठवडे तरी आणायचं नाही. आणि थोड्या दिवसांचा मुक्काम असेल तर भेट घडवायचीच नाही, त्यातून कोणाचंच भलं होत नाही. बाहेर तर मुळीच सोडायचं नाही, ती घराच्या वाटेला लागतात. घरात कोणी गरोदर असेल तर ट्रे तिने साफ करू नये, आणि ज्याने करायचा त्याने रोज करावा. टॉक्सोप्लाझ्मा या गर्भाला धोकादायक परजीवीची विष्ठेतली अंडी बाहेर पडल्यावर साधारण 1 ते 5 दिवसांनी लागण करण्याजोगी होतात, त्यामुळे रोजच्या सफाईला खरंच अर्थ आहे.

या वेळी काकू परत आल्यावर बाळ्याच्या ऑपरेशनचं मी तिच्याशी बोलले. ती आधी नाही म्हणाली. मग मी तिला चौकटीचे टॉर्चमधले फोटो दाखवले. पावसाळा सरला की घेऊन जाऊ म्हणाली आहे. ऑपरेशननंतर सवय लगेच सुटत नाही, काही आठवडे जातात, म्हणून दिवाळीतल्या तिच्या फेरीआधी ते व्हायला हवं.

आणि एक. नातेवाईक परत आले म्हणून दुसऱ्याच दिवशी खिडकीवरचा कागद काढू नका. बाळ्या आणखी आठवडाभर सकाळी आमच्या ग्रिलपाशी डोकावून जात होता. मी 10 दिवस थांबले, मग वरून चार बोटांची पट्टी कापली, दोन दिवसांनी आणखी चार बोटं. काल शेवटची पट्टी निघाली. टिल्लू खिडकीत बसला, बाहेर कावळा बघत होता.